न्यूरोसर्जरी रेसिडेन्सी आणि अवे रोटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मेडिकल स्कूलला असलेली मराठी घरांतली मुलं आणि महाराष्ट्रात एमबीबीएस करता करता इकडे यायचा विचार करणारे विद्यार्थी, दोघेही न्यूरोसर्जरीबद्दल बोलायला लागले की गाडी अवे रोटेशनपाशी येऊन थांबते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे तारखा आणि संख्या आपापल्या वर्षाच्या ताज्या सूचनांशी ताडून घ्या.

अवे रोटेशन म्हणजे नेमकं काय?

मेडिकल स्कूलच्या चौथ्या वर्षात दुसऱ्या विद्यापीठाच्या न्यूरोसर्जरी विभागात जाऊन साधारण चार आठवडे काम करायचं, ते अवे रोटेशन. कागदोपत्री ते इलेक्टिव्ह असतं. प्रत्यक्षात तुम्ही इंटर्नच्या, म्हणजे पदवीनंतर पहिल्या वर्षात असलेल्या डॉक्टरच्या, बरोबरीनं राबता, म्हणून त्याला सब-इंटर्नशिप किंवा बोलीत ‘सब-आय’ म्हणतात. ऑर्डरवर सही तुमची नसते, पण तुमच्याकडे दिलेल्या पेशंटची रात्र कशी गेली हे टीममध्ये सगळ्यात आधी तुम्हाला माहीत असावं, अशी अपेक्षा असते.

न्यूरोसर्जरीत त्याला इतकं महत्त्व का?

हा विषय लहान आहे आणि प्रशिक्षण लांब. देशभरात जेमतेम ११५ ते १२० प्रोग्रॅम, म्हणजे प्रशिक्षण देणारे विभाग, वर्षाला २४० च्या आसपास जागा आणि रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, ७ वर्षांची. कितीतरी प्रोग्रॅम वर्षाला एक किंवा दोनच रेसिडेंट घेतात. तो एक माणूस चुकीचा निवडला गेला, तर सात वर्षं सगळ्या विभागाला ते निस्तरावं लागतं. त्यामुळे ज्याला महिनाभर डोळ्यांसमोर काम करताना पाहिलं आहे, त्याच्याकडे ओढा असणं साहजिक आहे.

त्यात जानेवारी २०२२ पासून अमेरिकी डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतल्या स्टेप १ चा निकाल फक्त पास किंवा नापास असा येतो. स्टेप २ सीके, म्हणजे त्यापुढच्या क्लिनिकल ज्ञानाच्या परीक्षेचे गुण उरले, पण अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे गुण चांगलेच असतात आणि रिसर्चही भरपूर असतो. पहाटे पाच वाजता हा माणूस कसा वागतो, हे मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.

उलट बाजूही तितकीच मोलाची आहे. चीफ रेसिडेंट ज्युनिअरशी कसा बोलतो, अटेंडिंग, म्हणजे विभागातले वरिष्ठ डॉक्टर, शिकवतात की नुसते रागावतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात खरोखर किती केस येते, हे वेबसाइटवर कधीच दिसत नाही. ते जाऊनच पाहावं लागतं.

किती रोटेशन करावीत?

एक आपल्या कॉलेजचं आणि दोन बाहेरची. माझं उत्तर एवढंच आहे आणि ते मी आग्रहानं देते. महामारीच्या आधी तीन-तीन, क्वचित जास्तही अवे करणारे विद्यार्थी होते. २०२० मध्ये बाहेरची रोटेशन जवळजवळ बंदच पडली आणि त्यानंतर सोसायटी ऑफ न्यूरोलॉजिकल सर्जन्स, म्हणजे एसएनएस, यांनी संख्येबद्दल सूचना काढायला सुरुवात केली. त्या वाचा आणि पाळा.

सूचना बाजूला ठेवली तरी तिसरं अवे मला पटत नाही. ओळीनं तीन महिने चार वाजता उठलेला विद्यार्थी चौथ्या महिन्यात स्वतःची सावली होऊन वावरतो आणि नव्या टीमला त्याचं तेवढंच रूप दिसतं. शिवाय या जागा मोजक्या असतात. तुमची जास्तीची जागा ही बहुतेकदा अशा कोणाची तरी असते, ज्याच्या कॉलेजला न्यूरोसर्जरीचा विभागच नाही.

कोणते महिने निवडावेत?

शेवटाकडून मोजत या. इरास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जप्रणालीवरचे अर्ज सप्टेंबरच्या अखेरीला प्रोग्रॅमना दिसू लागतात, म्हणजे शिफारसपत्रं त्याआधी चढलेली हवीत. ऑगस्टमध्ये केलेल्या रोटेशनचं पत्र वेळेत येतं. सप्टेंबरचं पत्र येतं किंवा राहतं. त्यामुळे सप्टेंबरचं रोटेशन पत्रासाठी नको, तो विभाग पाहण्यासाठी आणि त्यांनी तुम्हाला पाहण्यासाठी असावं.

साधा आराखडा असा: मे किंवा जूनमध्ये आपल्या कॉलेजला, मग जुलै ते सप्टेंबरमध्ये दोन अवे. घरचं रोटेशन आधी करण्याचं कारण उघड आहे. टाके कसे घ्यायचे, लिस्ट कशी छापायची, राउंडला दोन वाक्यांत पेशंट कसा सांगायचा, हे सगळं ओळखीच्या माणसांत शिकून जा.

जुलैबद्दल बरेच जण विचारतात. १ जुलैच्या आसपास नवे इंटर्न रुजू होतात, त्यामुळे वॉर्डात थोडी धांदल असते. तयारीनं गेलेल्या विद्यार्थ्याचा तेव्हा खरा उपयोग होतो आणि तो लक्षातही राहतो. तयारी नसेल तर मात्र शिकवायला कोणालाच सवड नसते.

स्टेप २ सीके या सगळ्याच्या आधी उरकून टाका. न्यूरोसर्जरीच्या रोटेशनमध्ये अभ्यास करून परीक्षा देणं होत नाही. आणि दोन रोटेशनच्या मध्ये जमल्यास आठवडाभर मोकळा ठेवा.

अर्ज कुठे आणि कधी करायचा? कागद काय लागतात?

अमेरिकी मेडिकल स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची व्हीएसएलओ ही ऑनलाइन प्रणाली आहे. प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या तारखेला अर्ज उघडतं. बरेचसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उघडतात, त्यामुळे जानेवारीतच तारखांचा तक्ता करा.

कागदांमध्ये दरवेळी रखडतो तो लसीकरणाचा फॉर्म. हेपॅटायटिस बीचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण), टीबीची तपासणी, गोवर-कांजिण्यांचे पुरावे, सगळं जुळवायला आठवडे जातात. टायटर कमी निघाला तर पुन्हा डोस घ्यावा लागतो. हे हिवाळ्यातच करून टाका. बाकी बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाचं प्रमाणपत्र), पार्श्वभूमी तपासणी, काही ठिकाणी ड्रग टेस्ट, मास्कचं फिट टेस्टिंग आणि कॉलेजचं विमापत्र. होकार आला की ठरावीक दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नको असलेली जागा लगेच सोडा, अडवून ठेवू नका.

जागा कशी निवडायची? मोठं नाव की मॅच होण्याची शक्यता?

मॅच म्हणजे अर्जदार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून होणारं जागावाटप. माझा पहिला निकष भूगोल. सात वर्षं जिथे राहायची तयारी आहे, त्या भागातला किमान एक प्रोग्रॅम घ्या. तुमचं सगळं आयुष्य न्यू जर्सीत गेलं असेल आणि अर्ज पश्चिम किनाऱ्यावर असेल, तर तिथल्या लोकांना शंका येते की हा खरंच येणार का. तिथे महिनाभर काम करून दाखवणं हे त्या शंकेला सगळ्यात चोख उत्तर आहे.

दुसरा निकष म्हणजे तुमच्या कॉलेजला जे नाही ते. तुमचं हॉस्पिटल ट्यूमर आणि स्पाइनसाठी नावाजलेलं असेल आणि ट्रॉमा, म्हणजे अपघाताच्या केसेस, कमी असेल, तर ट्रॉमाचं मोठं ठिकाण पाहा. सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलला वॉशिंग्टन, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो अशा चार राज्यांतून पेशंट येतात. एवढ्या मोठ्या टापूतल्या डोक्याच्या जखमा एका दारात आल्या की काम कसं चालतं, हे लहान शहरात बसून कळत नाही. फिनिक्सच्या बॅरो न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी केसेसचा आकडाच दडपून टाकणारा असतो. आणि वर्षाला एकच रेसिडेंट घेणारा विद्यापीठाचा छोटा विभाग असेल, तर दुसऱ्या आठवड्यात चेअरमनना तुमचं नाव माहीत असतं.

दोन्ही अवे देशातल्या सगळ्यात गाजलेल्या नावांना देऊ नका. एक स्वप्नातलं असू दे. दुसरं असं निवडा, जिथे तुमच्यासारखे विद्यार्थी याआधी मॅच झालेले आहेत. प्रोग्रॅमच्या रेसिडेंट यादीत ते कुठल्या मेडिकल स्कूलचे आहेत हे दिलेलं असतं. ती यादी नीट वाचली तर बरंच काही कळतं.

आणि एक प्रश्न कोऑर्डिनेटरना बेधडक विचारा: त्या महिन्यात आणखी किती रोटेटर, म्हणजे रोटेशनला आलेले विद्यार्थी, असतील? पाच-सहा असतील तर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहायलाही पाळी लावावी लागते.

माझ्या कॉलेजला न्यूरोसर्जरीचा प्रोग्रॅमच नाही. मग?

जवळच्या एखाद्या प्रोग्रॅमला आपलं ‘घर’ माना. तिसऱ्या वर्षापासूनच तिथल्या कॉन्फरन्सला जा, एखादा रिसर्च प्रोजेक्ट घ्या, मग पहिलं रोटेशन तिथेच करा. अशा विद्यार्थ्यांची अडचण बहुतेक विभागांना माहीत असते आणि आधी संपर्क केला तर मदत मिळते. तुमच्या अर्जात ही परिस्थिती एका वाक्यात स्पष्ट लिहा.

जाण्याआधी काय तयारी करावी?

पुस्तकं कमी, हात जास्त. एका हातानं आणि दोन्ही हातांनी गाठ, उलटा पुरलेला (गाठ आत राहणारा) तुटक टाका, इन्स्ट्रुमेंट टाय, हे न बघता जमेपर्यंत. वाचनात शरीररचना, सीटी आणि एमआरआय वाचण्याची ठरावीक पद्धत, आणि रोजच्या केसेस: क्रॉनिक सबड्युरल (मेंदूवर हळूहळू साठलेलं रक्त), शंट (मेंदूतलं पाणी वळवणारी नळी) बिघडणं, मानेचं एसीडीएफ (पुढून चकती काढून मणके जोडणं), कमरेची लॅमिनेक्टमी (मणक्याचा मागचा हाडाचा भाग काढणं), सबअरॅक्नॉइड (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव. ग्लासगो कोमा स्केल (पेशंटची शुद्ध मोजायची मोजपट्टी) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. तिथल्या अटेंडिंगच्या कामाचा विषय काय आहे, एवढं चाळून जा, पण त्यांचे पेपर त्यांनाच वाचून दाखवू नका.

तिथला दिवस कसा जातो?

चार-साडेचारला हॉस्पिटल. रात्रीच्या नोंदी काढायच्या, लिस्ट अपडेट करायची, आपले पेशंट पाहून यायचं. साडेपाच-सहाला राउंड, मग सकाळची कॉन्फरन्स, जिथे रात्रीचे सगळे स्कॅन पडद्यावर येतात. साडेसातच्या सुमारास पहिली केस. संध्याकाळी पुन्हा राउंड. रेसिडेंटना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे, काही न्यूरोसर्जरी प्रोग्रॅमना ८८ पर्यंत सूट मिळते. विद्यार्थ्यांनीही साधारण त्याच चौकटीत राहायचं असतं आणि आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा घ्यायचा असतो. तो घ्या.

सकाळची ती पहिली वीस मिनिटं कशी वापरायची, ते सांगते, कारण महिन्याचं मूल्यमापन बरंचसं तिथेच होतं. समजा आयसीयूत सबअरॅक्नॉइडची पेशंट आहे आणि डोक्यात ईव्हीडी, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी, आहे. मॉनिटरवरचे आकडे सगळेच लिहून घेतात. तुम्ही आधी रात्रीच्या नर्सला गाठा. ड्रेन किती सेंटिमीटरवर लावला आहे आणि शून्याची पातळी कानाच्या ट्रेगसशी (छिद्रापुढच्या उंचवट्याशी) जुळवलेली आहे का, ते पाहा. तासाला किती सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) आलं, रंग काल इतकाच लाल आहे की निवळला, आजचं सोडियम किती. तपासण्याआधी प्रोपोफॉल (गुंगीचं औषध) थांबवून किती वेळ झाला, ते विचारा. नाहीतर तपासणीला अर्थ नाही. मग पेशंटला ‘माझा हात दाबा’ एवढंच सांगून थांबू नका, कारण तळहातात बोट ठेवलं की मूठ आपोआपही वळते. ‘दोन बोटं दाखवा’ म्हणा. ती दोन बोटं वर आली, तर पेशंट सूचना पाळते आहे असं तुम्ही राउंडला छातीठोकपणे सांगू शकता. डोळ्यांच्या बाहुल्या, चेहरा, दोन्ही हात समोर धरल्यावर एखादा घसरतो का. काल नव्हतं ते आज काही दिसलं, तर राउंडची वाट पाहू नका, त्या क्षणी रेसिडेंटला फोन करा.

खिशात पेनलाइट, गॉझ, टेप, कात्री आणि स्टेपल रिमूव्हर ठेवा. ड्रेसिंग उघडायची वेळ आली आणि सामान तुमच्या हातात तयार असलं, तर पंधरा पेशंटच्या राउंडमधली कितीतरी मिनिटं वाचतात.

ओटीत हात लावायला मिळतो का?

मिळतो, पण तो टप्प्याटप्प्यानं. पेशंटला आणायला जा, कॅथेटर घाला, पोझिशन द्यायला हात लावा, स्कॅन स्क्रीनवर लावून ठेवा. डोकं मेफील्ड क्लॅम्पच्या पिनांत धरताना जवळ उभे राहून पाहा. क्रॅनियोटॉमीच्या (कवटी उघडून केलेल्या ऑपरेशनच्या) शेवटी गॅलिया, म्हणजे डोक्याच्या कातडीखालचा चिवट थर, शिवायची वेळ येते, तेव्हा अटेंडिंग बहुतेकदा हातमोजे काढून निघून गेलेले असतात आणि रेसिडेंट सुई तुमच्याकडे देतो. तिथे वेगापेक्षा नीटनेटकेपणाकडे लक्ष असतं: टाका गॅलियातच गेला का, गाठ खाली बसली का, कडा समोरासमोर आल्या का. एकदा दाखवलेली गोष्ट पुढच्या केसला तशीच केलीत की त्यापुढची गोष्ट करायला मिळते. मायक्रोस्कोप चालू असताना प्रश्न विचारू नका. शिवताना विचारा.

बाकीच्या रोटेटरशी स्पर्धा कशी करायची?

करू नका. एखाद्यानं दुसऱ्याच्या पेशंटची माहिती राउंडला आधी सांगून टाकली की ते सगळ्या टीमला दिसतं आणि लक्षात राहतं. केसेस आदल्या रात्री आपसांत वाटून घ्या. न्यूरोसर्जरीचं जग इतकं छोटं आहे की ही मुलं पुढची तीस वर्षं तुम्हाला परिषदांमध्ये भेटत राहणार आहेत.

शिफारसपत्र कोणाकडून आणि कधी मागावं?

इरासवर एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जातात. आपल्या कॉलेजच्या चेअरमनचं एक, प्रत्येक अवेवरून एक, आणि रिसर्चमधल्या मार्गदर्शकांचं एक, हा समतोल चांगला. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं, त्यांचं पत्र घ्या. नुसत्या मोठ्या नावाच्या कोरड्या दोन परिच्छेदांचा उपयोग होत नाही. वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना ओळखतात, कोरडेपणा लगेच कळतो.

तिसऱ्या आठवड्यात चेअरमन किंवा प्रोग्रॅम डायरेक्टरची पंधरा मिनिटांची वेळ मागा. भेटून विचारा: ‘न्यूरोसर्जरीसाठी तुम्ही मला भक्कम पत्र देऊ शकाल का?’ समोरून थोडी टाळाटाळ जाणवली तर आभार मानून दुसऱ्याला विचारा. होकार आला तर त्याच संध्याकाळी सीव्ही आणि इरासची लिंक पाठवा.

शेवटच्या आठवड्यातलं प्रेझेंटेशन किती मोठं असावं?

दहा मिनिटं सांगितली असतील तर नऊ. त्या महिन्यात स्वतः पाहिलेला पेशंट घ्या, त्यातला एकच प्रश्न धरा. आदल्या रात्री एखाद्या ज्युनिअर रेसिडेंटला दाखवा.

सिग्नल कुठे वापरायचे?

सिग्नल म्हणजे अर्जात एखाद्या प्रोग्रॅमला कळवलेली खास पसंती. न्यूरोसर्जरीत अर्जदारांना मर्यादित सिग्नल मिळतात. अलीकडच्या वर्षांत ती संख्या २५ पर्यंत गेली. रोटेशन केलेल्या ठिकाणी सिग्नलची गरज नाही असं बरेच जण धरून चालतात, आणि ते धोक्याचं आहे. ज्यांच्याकडे तुम्ही महिनाभर राहिलात त्यांना सिग्नल दिला नाहीत, तर त्यांना तिथे यायची तुमची इच्छा नाही असंच वाटू शकतं. त्या वर्षाच्या सूचनेत वेगळं काही म्हटलं नसेल, तर घरच्या आणि अवेच्या प्रोग्रॅमलाही सिग्नल द्या.

रोटेशन चांगलं गेलं नाही तर?

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एखाद्या सीनिअर रेसिडेंटला विचारा, ‘पुढच्या दोन आठवड्यांत मी काय सुधारू?’ उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका, दुसऱ्या दिवशी बदल करा. असा विद्यार्थी शेवटी चांगलाच लक्षात राहतो. तरीही नाहीच जमलं, तर तिथलं पत्र अर्जाला जोडू नका. एका महिन्यानं कोणाचं करिअर बुडत नाही.

राहण्याची सोय आणि खर्च?

पगार नाही, भाडं तुमचं, कॉलेजच्या आणि अवेच्या अशा दोन्ही शहरांत. हॉस्पिटलपासून पंधरा मिनिटांच्या आत राहा, त्यासाठी दुसरीकडे काटकसर करा. त्याच हॉस्पिटलमधले दुसऱ्या शाखांचे विद्यार्थी त्या महिन्यात बाहेरगावी गेलेले असतात, त्यांच्या खोल्या मिळतात. गावातल्या महाराष्ट्र मंडळाला विचारायला संकोचू नका. महिनाभर एखाद्या काकूंच्या घरातली खोली आणि रात्री दहाला झाकून ठेवलेलं ताट, यावर कितीतरी मुलांची रोटेशन निभावली आहेत. काही विभाग गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, ती जाहिरातीत दिसते आणि तिचा अर्ज वेगळा असतो.

मी महाराष्ट्रात एमबीबीएस करतो आहे. मला अवे रोटेशन मिळेल?

मिळू शकतं, पण खिडकी अरुंद आहे. पदवी हातात येईपर्यंतच तुम्ही विद्यार्थी असता आणि हात लावून काम करायला मिळतं ते विद्यार्थ्यालाच. फायनल इयरला असताना परदेशी विद्यार्थ्यांना इलेक्टिव्ह देणारी हॉस्पिटलं शोधा. काही फक्त करार असलेल्या कॉलेजांतूनच घेतात, काही स्टेप १ झालेली मागतात, बहुतेक शुल्क आणि विमा मागतात. इंटर्नशिपमधल्यांना काही ठिकाणी विद्यार्थी धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. तिकीट काढायच्या आधी हे ईमेलवर लेखी घ्या. डीनची पत्रं आणि ट्रान्स्क्रिप्ट यांना आपल्याकडे किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे वर्षभर आधी सुरुवात करा. इलेक्टिव्हसाठी साधारणपणे बी-१ व्हिसा लागतो.

एमबीबीएस झालं. आता ऑब्झर्वरशिप पुरेशी आहे का?

ऑब्झर्वरशिपमध्ये तुम्ही पाहता, पेशंटला हात लावत नाही. ओळख व्हायला ती ठीक, पण ती सब-आयची जागा घेत नाही. परदेशी पदवी घेऊन न्यूरोसर्जरीत गेलेल्यांचा नेहमीचा रस्ता रिसर्च फेलोशिपचा आहे: एका विभागात दोन-तीन वर्षं राहायचं, कामातून विश्वास मिळवायचा, सोबत स्टेप १, स्टेप २ सीके आणि परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र पूर्ण करायचं. फेलोशिप निवडताना मागचे फेलो कुठे गेले हे त्यांनाच फोन करून विचारा. वर्षानुवर्षं पेपर लिहवून घेणारे आणि शेवटी पत्रसुद्धा न देणारे विभागही असतात.

जोडीला दुसरा विचारही उघड्या डोळ्यांनी करा. भारतात एमएस नंतर तीन वर्षांचं एमसीएच हे सुपरस्पेशालिटी शिक्षण आहे आणि एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डीआरएनबी न्यूरोसर्जरीही आहे. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत हाताला मिळणारं काम कुठल्याही देशाच्या तोडीचं असतं. अमेरिकेत येणं हा त्यातला एक पर्याय आहे आणि त्याला लागणारी वर्षं मोजूनच तो घ्यावा.

मुलगी तीन महिने तीन शहरांत, फोनही उचलत नाही. आम्ही पालकांनी काय करावं?

फोन उचलत नाही कारण ती ओटीत आहे किंवा झोपली आहे. रविवारी बोला. ‘मॅच होईल ना?’ हे दर आठवड्याला विचारू नका. जमत असेल तर भाड्याचा भार हलका करा आणि दोन रोटेशनच्या मधल्या आठवड्यात तिला घरी येऊन नुसतं झोपू द्या.

रोटेशन संपल्यावर संपर्क ठेवावा का? रँक लिस्ट कशी लावावी?

ज्यांनी शिकवलं त्यांना आठवड्याभरात एक छोटा ईमेल, आणि सुरू केलेला एखादा प्रोजेक्ट असेल तर तो पूर्ण करून देणं, इतकं पुरे. तुम्ही आम्हाला कितवा क्रमांक देणार, असं विचारायला मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या नियमांनी प्रोग्रॅमना मनाई आहे. स्वतःहून सांगायचं असेल तर एकाच ठिकाणी आणि खरं सांगा.

यादी आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानं लावा. मॅचचं गणित अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं. कुठे आपल्याला घेतील याचे अंदाज बांधून क्रम बदलल्यानं काहीच हाती लागत नाही. जिथलं नाव मोठं आहे पण रेसिडेंट दबलेले दिसले, ते ठिकाण खाली टाकायला कचरू नका. तो महिना तुम्ही त्यासाठीच दिला होता. आणि यादी भरून झाली की मार्चच्या सुरुवातीच्या मुदतीआधी ती सर्टिफाय करा. नुसती सेव्ह केलेली यादी धरली जात नाही.